भाराला दुसरा हात

श्रोतेहो, ओझें उचलणें ही माणसाची फार जुनी विद्या आहे. परंतु उचललेलें ओझें सुखरूप खालीं ठेवणें ही विद्याहि तितकीच जुनी आहे, हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. हमाल धान्याचें पोतें पाठीवर घेतो तेव्हां दुसरे दोघे तें उचलून त्याच्या पाठीवर देतात. पाण्याची भरलेली घागर डोक्यावर चढवितांना शेजारीण पुढें होते. "जरा हात लाव" हे तीन शब्द आपल्या भाषेंत इतके रुळून गेले आहेत कीं, त्यांत एक सबंध शिष्टाचार सांठविलेला आहे याची आपणांस आठवणहि राहिलेली नाहीं. ह्या शिष्टाचाराचें व्यायामशाळेंतील रूप आज आपणांपुढें मांडावयाचें आहे. वजन उचलणाऱ्याच्या पाठीशीं जो दुसरा उभा राहतो, त्यास आजच्या जिममध्यें 'स्पॉटर' म्हणतात. शब्द नवा आणि परका आहे. माणूस मात्र आपल्या ओळखीचा आहे. त्याचें कर्तव्य काय, त्याच्या मर्यादा कोणत्या, आणि काळाबरोबर हें कर्तव्य कसें बदलत आलें, हा आजचा विषय.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यांत हिवरे बाजार नांवाचें एक लहानसें गांव आहे. पाण्याच्या नियोजनाबद्दल त्याचें नांव आज देशभर घेतलें जातें. त्याची जुनी ओळख मात्र पैलवानांचें गांव अशी सांगितली जाते. पर्जन्यछायेच्या ह्या मुलुखांत पाऊस वर्षाकाठीं चारशें मिलिमीटरांच्या आसपासच पडतो. अशा ठिकाणीं पैलवान घडणें ही सोपी गोष्ट नव्हे. कारण तालीम केवळ चार भिंती आणि तांबडी माती एवढ्यावर उभी राहत नाहीं. तिला दूध लागतें, तूप लागतें. दुधाला जनावर लागतें, जनावराला वैरण लागते, आणि वैरणीला पाणी लागतें. शिवाय संध्याकाळीं गांवांतच असणारीं तरुण मुलें तिला लागतात. १९७२ च्या दुष्काळानें महाराष्ट्राच्या अनेक गांवांप्रमाणें ह्याहि गांवाची कंबर मोडली. विहिरी आटल्या, माणसें पोटासाठीं बाहेर पडूं लागलीं, मागें राहिलेल्यांत दारू शिरली, आणि पैलवानकीची कीर्ति ही आठवणींत सांगावयाची गोष्ट झाली.

ह्या उदाहरणांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कुस्तीचा इतिहास लिहितांना आपण फडांत जिंकणाऱ्यांचीं नांवें लिहितों. परंतु जिंकणाऱ्यास रोज संध्याकाळीं अंगावर घेणारी जी जोड असते, तिचें नांव कोठेंच येत नाहीं. जोर आणि बैठका एकट्यानें काढतां येतात. खडाखडी एकट्यानें होत नाहीं. ज्याची जोड रोजगारासाठीं शहरांत निघून गेली, त्या पैलवानाची अर्धी तालीम तिच्याबरोबर निघून गेली. बळ हें एकाच्या अंगांत दिसतें खरें, परंतु तें दोघांच्या मेहनतीवर वाढलेलें असतें. तालमीच्या सर्व रीतिभाती ह्याच जाणिवेंतून निघालेल्या आहेत.

पूर्वींच्या तालमींत वजनाचीं साधनें पुष्कळ होतीं. लाकडी मुद्गलांची जोडी होती, तिच्याहून जड अशी करेल होती, गदा होती, आडव्या ओंडक्याला धरण्यापुरत्या खाचा पाडून केलेला सुमतोला होता, मध्यें मूठ असलेला दगडी नाल होता, आणि गळ्यांत घालून बैठका काढण्याचें दगडी कडेंहि होतें. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' प्रसिद्ध केला. त्यांत देशी व्यायामाचा हा संसार पद्धतशीर मांडून ठेवला आहे. शिवाय अनेक गांवांत मारुतीच्या देवळापुढें एखादा गुळगुळीत गोल धोंडा पडलेला असे, आणि तरुणांनीं तो उचलून आपली ताकद अजमावावी अशी चाल होती.

ह्या साधनांकडे जरा बारकाईनें पाहिलें तर त्यांचा एक विशेष लक्षांत येतो. नाल काय किंवा धोंडा काय, हातांतून सुटला तर तो मातींत पडतो. उचलणारा पाय मागें घेतो आणि बाजूस होतो. साधन आणि जमीन यांच्या मधोमध माणूस सांपडण्याचे प्रसंग थोडे. अपवाद होता तो गळ्यांतील कड्याचा आणि खांद्यावर घेण्याच्या ओझ्यांचा. हें ओझें एकट्यानें चढविणें अवघड आणि थकल्यावर उतरविणें त्याहून अवघड. म्हणून जुन्या तालमींत दुसऱ्या माणसाचें काम मुख्यतः ओझें देण्याचें आणि घेण्याचें होतें. तो आरंभीं हात लावी आणि शेवटीं हात लावी. मधल्या वेळांत तो दूर उभा राही. ही मर्यादा पुढें फार महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून ती आतांच लक्षांत ठेवावी.

तालमीचे इतर नियमहि ह्याच धोरणाचे असत. पायांतलें बाहेर काढून आंत यावें, माती कपाळाला लावावी, मारुतीस नमस्कार करावा, ही झाली भक्ति. परंतु साधन ओलांडून जाऊं नये, मेहनत करणाऱ्याच्या अगदीं समोरून जाऊं नये, ओझें अंगावर असलेल्या माणसाशीं बोलूं नये, एखाद्याचें उचलणें फसलें तर हंसूं नये, हे नियम भक्तीचे नव्हेत, शहाणपणाचे आहेत. वस्ताद एका बाजूस बसून सर्वांवर नजर ठेवी. नव्या पट्ठ्यानें कोणत्या साधनाला हात लावावा आणि कोणत्या साधनाला लावूं नये, हें तोच ठरवी. अपघात झालाच तर त्याची जबाबदारीहि बहुधा त्याच्याकडेच येई. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव हे व्यायामाचे जसे आचार्य, तसेच मोडलेलें हाड बसविण्यांतहि नामांकित होते. घडविणारा आणि सावरणारा हे दोन निराळे धंदे आहेत, असें त्या काळीं मानीत नसत.

मल्लखांबाची कथाहि येथें आठवते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं निजामाकडील अली आणि गुलाब नांवाचे दोन मल्ल पुण्यास आले. त्यांचें आव्हान बाळंभटदादा देवधर यांनीं स्वीकारलें आणि विजय मिळविला, अशी परंपरा सांगते. मल्लखांबाचें पुनरुज्जीवन ह्याच बाळंभटदादांच्या नांवावर आहे. मल्लखांब म्हणजे लाकडाची केलेली जोडच. माणसाच्या जोडीची उणीव ज्यानें भरून काढावयाची असा तो खांब आहे. परंतु त्या खांबावर उलटें लटकणाऱ्या मुलाशेजारीं आजहि शिक्षक हात पुढें करून उभा असतो. खांब जोडीचें सारें काम करूं शकतो. पडणाऱ्यास झेलण्याचें काम मात्र त्याला जमत नाहीं. तें माणसालाच करावें लागतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या विद्येला संस्थांचें रूप येऊं लागलें. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ मध्यें हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला, आणि तेथील पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. पुण्यास कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं १९२४ मध्यें महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केलें. मुंबईस दादर येथें काळे गुरुजींचें समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालीं सुरू झालें. ह्या संस्थांनीं तालमीचा वस्ताद शाळेच्या शिक्षकाच्या रूपानें शहरांत आणला. सांघिक कवायतीप्रमाणेंच एकमेकांस आधार देण्याची शिस्तहि त्यांच्याबरोबर आली. मनोरे रचतांना खालच्या रांगेंतील मुलानें वरच्या मुलाचा भार घ्यावयाचा असतो. आणि खालचा मुलगा न सांगतां हलला तर वरचा मुलगा पडतो, हें तेथें लहान वयांतच समजतें.

ह्याच सुमारास दुसरा एक प्रवाह समुद्रापलीकडून येत होता. सुप्रसिद्ध बलभीम यूजेन सँडो हा १९०४-०५ मध्यें हिंदुस्थानांत आला होता. त्याचीं छायाचित्रें आणि त्याची व्यायामपद्धति यांनीं सुशिक्षित तरुणांवर मोठी मोहिनी घातली. सँडोच्या पद्धतींत हलके डंबेल्स घेऊन आपल्या खोलींत एकट्यानें व्यायाम करतां येत असे. त्याला वस्ताद नको, जोड नको, हौदा नको. शहरांतील चाळींत राहणाऱ्या कारकुनास ही मोठी सोय होती, आणि हलक्या डंबेल्सनें कोणाला फारशी इजाहि होत नसे. परंतु ह्या सोयीबरोबर एक कल्पना घरांत शिरली. ती ही कीं, शरीर कमावणें ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. पुढें हलक्या डंबेल्सची जागा जड लोखंडी दांड्यानें घेतली. कल्पना मात्र तीच राहिली. धोका वाढला आणि सोबती कमी झाले, अशी ही स्थिति आहे.

धोका कसा वाढला तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज हॅकनश्मिट ह्या प्रख्यात मल्लानें जमिनीवर उताणें पडून ३६१ पौंड वजन दोन्ही हातांनीं वर ढकललें होतें. परंतु त्या वजनाचीं चाकें मोठीं असत. हात थकले तरी चाकें जमिनीला टेकत आणि दांडा अंगापासून कांहीं अंतरावर अडून राही. जमीन हीच त्या मल्लाची राखण करीत होती. पुढें अरुंद बांकावर पडून हाच व्यायाम करण्याची रीत पडली. तिला 'बेंच प्रेस' म्हणतात. बांकामुळें हात अधिक खालीं येऊं लागले आणि व्यायाम अधिक पूर्ण झाला. परंतु त्याच बांकामुळें माणूस जमिनीपासून वर उचलला गेला आणि जमिनीची राखण संपली. दांडा आतां थेट छातीवर, आणि वाईट वेळ असेल तर मानेवर येऊं शकतो. वजन आणि आधार यांच्या मध्यें माणूस प्रथमच सांपडला. खरा 'स्पॉटर' जन्माला आला तो ह्या क्षणीं. जमिनीनें सोडलेलें काम एका जिवंत माणसानें अंगावर घेतलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वजन उचलण्याच्या शर्यतींचा इतिहासहि ह्या दृष्टीनें बोधप्रद आहे. १८९६ सालीं अथेन्स येथें पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने झाले. त्यांत दोन्ही हातांनीं उचलण्याच्या शर्यतींत डेन्मार्कचा व्हिगो येन्सन आणि ब्रिटनचा लॉन्सेस्टन एलियट या दोघांनींहि १११.५ किलो वजन उचललें, आणि उचलण्याची ढब पाहून येन्सनला पहिला मान देण्यांत आला. मात्र अधिक वजनाच्या खटपटींत तो दुखावला, आणि एका हाताच्या शर्यतींत ७१ किलो उचलून एलियट पुढें गेला. म्हणजे ऑलिंपिकमधील ह्या खेळाच्या पहिल्याच दिवशीं जय आणि इजा हीं दोन्ही शेजारीं शेजारीं उभीं होतीं.

पुढें ह्या विद्येच्या दोन शाखा झाल्या. ऑलिंपिकमधील भारोत्तोलनांत खेळाडू चार मीटर लांबरुंदीच्या चौथऱ्यावर एकटा असतो. तेथें त्याच्याजवळ कोणीहि उभा राहत नाहीं, आणि राहूंहि नये. कारण वजन फसलें तर तें पुढें किंवा मागें टाकून देऊन स्वतः बाजूस होणें हाच तेथला बचाव आहे. जवळ उभा असलेला माणूस त्या बचावाच्या आड येईल आणि स्वतःहि जखमी होईल. दुसरी शाखा 'पॉवरलिफ्टिंग'ची. तिची आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ सालीं स्थापन झाली. तींत खांद्यावर वजन घेऊन बैठक मारणें, बांकावर पडून वजन ढकलणें आणि जमिनीवरून वजन उचलणें असे तीन प्रकार आहेत. पहिल्या दोहोंत वजन टाकून पळतां येत नाहीं, म्हणून तेथें नियमानेंच माणसें ठेवावीं लागतात. कमींत कमी दोन आणि अधिकांत अधिक पांच. ह्या नियमांतील मेख मोठी पाहण्यासारखी आहे. पंचानें आरंभाची खूण केल्यापासून शेवटची खूण होईपर्यंत ह्या राखणदारांनीं खेळाडूला मदत होईल अशा रीतीनें वजनाला किंवा त्याच्या अंगाला स्पर्श केला तर तो प्रयत्न रद्द होतो. उलट राखणदाराच्याच चुकीमुळें खेळाडूचा प्रयत्न फसला, तर त्यास पुनः संधि देतां येते. आपल्या जुन्या तालमींतील मर्यादा आणि ही मर्यादा एकच आहे. आरंभीं द्या, शेवटीं घ्या, मधें हात आवरा.

वजनाशीं एकट्यानें झुंजण्याची किंमत किती असते याचें एक उदाहरण आपल्याच सांगलीचें आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल सामन्यांत संकेत सरगर यानें ५५ किलो गटांत एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविलें; सुवर्ण अवघ्या एका किलोनें हुकलें. १३९ किलोंचा प्रयत्न करतांना त्याचें कोपर दुखावलें होतें, तरीहि तो पुन्हां वजनासमोर उभा राहिला. त्या चौथऱ्यावर त्याला कोणीहि हात देऊं शकत नव्हतें. वजन सोडून देणें एवढाच मार्ग होता, आणि त्यानें तो वेळेवर पत्करला म्हणून निभावलें.

दुसरें उदाहरण अधिक दुःखद आहे. २०२५ च्या फेब्रुवारींत राजस्थानांतील बिकानेर येथें अवघ्या १७ वर्षांची एक गुणी पॉवरलिफ्टिंगपटू सराव करीत असतां २७० किलोंचा दांडा तिच्या मानेवर आला आणि तिचा अंत झाला. शिक्षक तिच्या मागें उभे होते. येथें कोणाला दोष द्यावा हा आपला विषय नव्हे. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, मागें कोणी तरी उभें असणें आणि तो भार खरोखर पेलूं शकेल अशी राखण असणें, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. दोनशेंसत्तर किलो घसरूं लागले म्हणजे एका माणसाचे दोन हात अपुरेच पडतात. अशा वजनाला दोन्ही टोकांस एकेक आणि मागें एक, अशीं तीन तरी माणसें हवींत, आणि दांडा अडविणारे मजबूत लोखंडी आडवे गजहि हवेत.

म्हणून आतां ह्या शिष्टाचाराचे नियम थोडक्यांत सांगतों. ज्यांच्या घरचे मुलगे आणि मुली सकाळ-संध्याकाळ व्यायामशाळेंत जातात, त्यांनीं ते अवश्य विचारांत घ्यावेत.

पहिला नियम बोलण्याचा. वजन अंगावर आल्यानंतर बोलणें होत नाहीं; म्हणून जें बोलावयाचें तें आधींच बोलावें. किती वेळां उचलणार, दांडा खुंटीवरून काढून द्यावयाचा काय, कोणत्या शब्दावर मदत करावयाची, हें उचलणाऱ्यानें सांगावें. आणि त्यानें न सांगितल्यास राखणाऱ्यानें विचारावें. दोघांच्या तोंडीं एकच मोजणी असावी. एकानें 'तीन' म्हणतांच उचललें आणि दुसरा 'तीन'नंतर उचलणार होता, एवढ्यानेंहि खांदा दुखावतो.

दुसरा नियम जागेचा. बांकावरील व्यायामांत राखणाऱ्यानें डोक्याच्या बाजूस, गुडघे किंचित् वांकवून उभें राहावें. दांड्याच्या खालीं-वर हात तयार ठेवावेत, एक तळवा वर आणि एक खालीं असा. परंतु दांड्याला स्पर्श करूं नये. उचलणाऱ्यानेंहि आंगठा दांड्याभोवतीं पूर्ण वळवावा. आंगठा मोकळा ठेवण्याची जी फॅशन आहे, तींत दांडा तळहातावरून निसटतो. दोन डंबेल्स घेऊन उताणें उचलणाऱ्यास आधार देतांना हात मनगटापाशीं असावेत. कोपरें धरलीं तर कोपर वांकून वजन तोंडावर येऊं शकतें. बैठकीच्या वेळीं मागें उभ्या राहिलेल्यानें उचलणाऱ्याबरोबर खालीं बसावें आणि त्याच्याबरोबर उठावें. आणि टोकांस दोघे असतील तर दोघांनीं एकाच वेळीं हात घालावा. एकानें आधीं उचललें तर दांडा तिरका होतो आणि मदतीचाच अपघात होतो.

तिसरा नियम संयमाचा, आणि हाच सर्वांत कठीण. वजन मंदावलें म्हणून लगेच हात घालूं नये. मंदावलेलें वजन अजून वर जात असतें, आणि त्या दोन-तीन क्षणांतच उचलणाऱ्याचें बळ वाढत असतें. परंतु वजन थांबलें, खालीं येऊं लागलें किंवा उचलणाऱ्यानें हांक मारली, तर मग क्षणाचाहि विलंब नको. आणि एकदां हात घातला म्हणजे दांडा खुंटीवर बसेपर्यंत तो काढूं नये. उगाच बोट लावून "तूंच उचललेंस" असें सांगणारा मित्र गोड वाटतो. पण तो खोटें बोलत असतो, आणि त्या खोट्या हिशेबावर पुढच्या खेपेस अधिक वजन चढविलें जातें.

चौथा नियम प्रामाणिकपणाचा. आपल्या शक्तीबाहेरची राखण पत्करूं नये. "इतका भार मला आवरणार नाहीं, आणखी कोणास बोलवा," असें म्हणण्यांत कमीपणा नाहीं. न आवरणाऱ्या भारामागें शोभेला उभें राहण्यांत मात्र दगा आहे. कोणी राखणीस बोलाविलें तर कामाची निकड नसतांना नाकारूं नये. आणि ज्यानें बोलाविलें त्यानेंहि दुसऱ्याचा व्यायाम अर्ध्यावर तोडून त्यास ओढूं नये. राखणीच्या वेळीं नजर भिंतीवरच्या आरशांत किंवा हातांतल्या दूरध्वनींत नसावी. आणि आतां व्यायामशाळेंत स्त्रियाहि मोठ्या संख्येनें येतात. अंगाला हात लागण्याचा संभव असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधीं विचारून घ्यावें. आधार देण्यासाठीं परवानगी मागितल्यानें आधाराची किंमत कमी होत नाहीं.

पांचवा नियम एकट्याचा. कोणीच जवळ नसेल तर बांकावर पडून जड वजन उचलूं नये. आडवे गज असतील तर ते योग्य उंचीवर लावून घ्यावेत. तेहि नसतील तर वजन हलकें ठेवावें. हा भित्रेपणा नव्हे. जुन्या वस्तादानें नव्या पट्ठ्यास जड साधनाला हात लावूं दिला नाहीं, तें ह्याच कारणास्तव.

कांहीं श्रोत्यांच्या मनांत अशी शंका येईल कीं, दुसऱ्याच्या आधारानें उचललेलें वजन तें कसलें सामर्थ्य? तिचें उत्तर आपल्याच दोन तीर्थस्थानीं मिळतें. जेजुरीस दसऱ्याच्या वेळीं खंडोबाचा ४२ किलोंचा खंडा उचलण्याची चढाओढ असते. एका हातानें तो आडवा तोलून धरणें, दातांत धरून उचलणें, असे पराक्रम तेथें भाविक करून दाखवितात. तें एकट्याचें बळ आहे, आणि त्याचा गौरव झालाच पाहिजे. पुण्याजवळ खेड-शिवापूर येथें कमरअली दरवेशांच्या दर्ग्यांत एक जड धोंडा आहे. तेथें अकरा माणसें एकेक बोट लावतात, एकदमच दरवेशांचें नांव घेतात, आणि धोंडा वर येतो. श्रद्धाळू त्यांत चमत्कार पाहतात. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें पाहिलें तर भार अकरा ठिकाणीं वांटला जातो आणि पुकाऱ्यामुळें सर्वांचा जोर एका क्षणीं लागतो. दोन्ही अर्थांनीं धडा एकच. दुसऱ्याची गरज लागणें म्हणजे दुबळेपणा, असें आपल्या परंपरेनें कधींच मानलेलें नाहीं.

आणि हिवरे बाजारानें पुढें तरी काय केलें? १९८९ मध्यें पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान हीं पांच सूत्रें गांवानें पत्करलीं. उजाड डोंगरावर चर खणले गेले, बांध घातले गेले, झाडें लावलीं गेलीं. १९९४ मध्यें गांव आदर्श गांव योजनेंत आलें. पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेंत मांडण्याची आणि पाऊस कमी झाला तर पिकेंहि त्या बेतानें घेण्याची चाल पडली. शेतीसाठीं कूपनलिका खोदावयाच्या नाहींत हाहि निर्बंध गांवानें स्वतःवर घालून घेतला. नव्वदच्या दशकाच्या मध्यास दिवसाला सुमारें १५० लिटर असलेलें तेथील दूध पुढें चार हजार लिटरांच्या घरांत गेलें. ज्या दुधावांचून तालीम सुनी पडते, तें दूध परत आलें. २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत पोपटराव पवारांचें नांव पद्मश्रीसाठीं जाहीर झालें. परंतु तो मान एका माणसाच्या नांवें लिहिला गेला असला, तरी चराच्या प्रत्येक टोपल्याला दोन माणसांचे हात लागलेले होते, एक भरून देणारा आणि एक उचलून नेणारा.

दुष्काळ हें गांवाच्या छातीवर आलेलें वजन होतें. तें एकेकट्यानें झुगारून देण्याचा एक मार्ग लोकांना ठाऊक होता. गांव सोडून शहराची वाट धरणें. तो भारोत्तोलनाच्या चौथऱ्यावरचा मार्ग आहे, आणि एकट्यादुकट्यास तो तारतोहि. परंतु शेत, विहीर आणि घर टाकून पळतां येत नाहीं. तेथें दोन्ही टोकांस माणसें उभीं करावीं लागतात.

व्यायामशाळेंत आज बारा महिन्यांची वर्गणी भरली कीं आरसे मिळतात, यंत्रें मिळतात, थंड हवाहि मिळते. जोड मात्र वर्गणींत मिळत नाहीं. ती जोडावी लागते. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी व्यायामशाळेंतून परत आली म्हणजे "आज किती उचललेंस?" असें आपण कौतुकानें विचारतों. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्याची संवय आपण लावून घ्यावी: "आज कोणाच्या पाठीशीं उभा राहिलास?" त्या प्रश्नाचें उत्तर ज्या मुलापाशीं तयार आहे, त्याच्या छातीवर कधीं काळीं जड दांडा थांबला, तर त्याच्याहि पाठीशीं कोणी तरी हात तयार ठेवून उभा असेल.